खूण मिळेपर्यंत थांबूनच राहायचं का? ख्रिस्ती लाइफ कोचिंगमधला एक अनुभव

मी ख्रिस्ती लाइफ कोच आहे, म्हणजे प्रश्न विचारत विचारत माणसाला त्याचं ध्येय आणि वाट ठरवायला सोबत करते. माझ्याकडे येणारे ख्रिस्ती लोक फिरून फिरून एकच काळजी बोलून दाखवतात, शब्द वेगळे असतात एवढंच. देवाची आपल्यासाठी योजना आहे असं आपण मानतो ना, मग मी माझं ध्येय ठरवायचं, त्याचा प्लॅन करायचा, वर कोच पण लावायचा, म्हणजे माझा विश्वास कमी पडला का? आणि समजा मी ठरवलं आणि तेच चुकीचं निघालं तर देवाची इच्छा माझ्या हातून कायमची हुकली का? या काळजीपायी माणसं वर्षानुवर्षं एका जागी उभी राहतात, आणि त्या उभं राहण्यालाच विश्वास म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एका माणसाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पस्तिशीतला माणूस, एका कंपनीत अकाउंट्सला. जॉब चांगला, पगार वेळेवर, तक्रार करावी असं काही नाही. पण दोन-अडीच वर्षांपासून मनात एकच घोळत होतं, की शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवायचं, त्याचा रीतसर कोर्स करायचा आणि पुढे तेच काम करायचं. चर्चमध्ये संडे स्कूलला एक मुलगा होता, त्याला वाचता यायचं नाही, याने त्याच्या शेजारी बसून महिनोन् महिने अक्षरं गिरवून घेतली होती आणि तिथून हे सुरू झालं. कोर्स करायचा की नाही याचा निर्णय मात्र होत नव्हता. बायकोने आग्रह केला म्हणून माझ्याकडे आला. ती पहिल्या दिवशी सोबत आली होती, तिचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं: "ह्यांना काय वाटतं ते मला कळतच नाही हो ताई, विचारलं की म्हणतात देवाचं उत्तर आलं की सांगतो."

दुसऱ्या वेळी तो एकटा आला आणि पिशवीतून एक जाडसर वही काढून माझ्यासमोर ठेवली. डाव्या पानावर देवाकडे मागितलेली खूण, उजव्या पानावर आलेलं उत्तर, प्रत्येकाला तारीख, अक्षर अगदी अकाउंट्सवाल्याचं, रेघा पट्टीने मारलेल्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, सोमवारपर्यंत साहेबांनी रजा मंजूर केली तर हो. समोर लिहिलेलं, मंजूर झाली पण मंगळवारी सकाळी, आणि खाली पेन्सिलने, मग हे हो की नाही? दुसरीकडे, डोळे मिटून बायबल उघडेन, जे वचन निघेल ते उत्तर. निघालं 1 इतिहासाचं पुस्तक, वंशावळीचं पान, नावांमागून नावं. समोर नुसतं प्रश्नचिन्ह. अशी पानंच्या पानं. हो किती, नाही किती, याची बेरीज पण शेवटच्या पानावर केलेली, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच.

मला ती वही बघून त्याच्याबद्दल आदरच वाटला खरं सांगायचं तर. हा माणूस देवाला टाळत नव्हता, त्याला मनापासून आज्ञेत राहायचं होतं. प्रश्न वेगळाच होता. त्याच्या मनात देवाची जी प्रतिमा होती ना, ती अशा एका साहेबाची होती जो नेमकं काय हवंय ते सांगत नाही, कोड्यात बोलतो आणि चुकलात की शिक्षा करतो.

मी त्याला विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

तो म्हणाला, "मला काय हवंय ते महत्त्वाचं नाही. देवाला काय हवंय ते महत्त्वाचं."

हे उत्तर ऐकायला फार छान वाटतं, चर्चमध्ये कुणीही मान डोलावेल. पण मार्कच्या शुभवर्तमानात 10 व्या अध्यायात बघा, बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी रस्त्याच्या कडेला बसून ओरडतोय, लोक त्याला गप्प करतायत, येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो, आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? समोरचा आंधळा आहे हे दिसत होतंच की. तरी त्याच्या तोंडून ऐकून घेतलं. योहानाच्या 5 व्या अध्यायात 38 वर्षं आजारी असलेल्या माणसालाही तेच, बरं व्हायची इच्छा आहे का तुला? आणि तो माणूस हो पण म्हणत नाही, बरं करणाऱ्या तळ्याच्या पाण्यात मला सोडायला कुणी नाही हेच सांगत बसतो. ख्रिस्ती कोचिंगचा पाया मला विचाराल तर इथे आहे. ज्याला सगळं ठाऊक आहे तोसुद्धा माणसाला विचारतो, त्याची इच्छा क्षुल्लक मानत नाही. मग मी कोण बाई, समोरच्याला न विचारता त्याच्या आयुष्याचं उत्तर सांगणारी?

मी हे त्याला सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण माझ्या मनातली इच्छा स्वार्थाची असली तर?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि इथेच ख्रिस्ती कोचिंग बाकीच्या कोचिंगपासून थोडं वेगळं होतं. आजचं लाइफ कोचिंग प्रोफेशन म्हणून उभं राहिलं ते मुख्यतः 1990 च्या दशकात, आंतरराष्ट्रीय कोचेसची संघटना 1995 साली निघाली, आणि त्यातली पद्धत खरंच चांगली आहे, मी पण तीच वापरते, म्हणजे ध्येय काय, आज परिस्थिती काय, पर्याय कोणते, आणि नक्की काय करणार, या चार टप्प्यांचं ग्रो मॉडेल वगैरे. पण त्या जगात एक वाक्य सर्रास ऐकू येतं, तुमचं उत्तर तुमच्या आतच आहे. हे मला अर्धंच पटतं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात 27 व्या वचनात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे म्हटलंय, म्हणून समोर बसलेल्याकडे बुद्धी आहे, निवडायची ताकद आहे, त्याला बिघडलेली वस्तू समजून दुरुस्त करायला बसायचं नाही. हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं असं की यिर्मया 17:9 मध्ये मन किती कपटी असतं तेही सांगितलंय, आपणच आपल्याला फसवू शकतो. म्हणून ख्रिस्ती कोच ना "तुझं मन म्हणेल ते कर" म्हणत, ना "तुझ्या मनाचं काही ऐकूच नको" म्हणत. इच्छा काढून टाकायची नसते, ती उजेडात आणून तपासायची असते. आणि तपासायला वचन आहे, प्रार्थना आहे, आपल्याला ओळखणारी चार माणसं आहेत. नीतिसूत्रे 20:5 मला या कामाचं वर्णनच वाटतं, माणसाच्या मनातला बेत खोल पाण्यासारखा असतो आणि समंजस माणूस तो वर काढतो. वर काढतो म्हणजे मुळात तिथे काहीतरी आहे.

फिलिप्पैकरांस पत्रात 2:13 ला प्रेषित पौल म्हणतो की देव तुमच्या ठायी इच्छा करणं आणि कृती करणं दोन्ही घडवून आणतो. मी त्याला हे वाचायला दिलं तेव्हा तो "इच्छा करणं" पाशी थांबला. म्हणजे त्या वाचता न येणाऱ्या मुलाशेजारी बसल्यावर जे वाटलं होतं, ते देवाकडूनही असू शकतं? मी म्हटलं, असू शकतं, चला तपासू. मी "होय, देवाचीच हाक आहे ही" असं म्हटलं नाही, कारण ते म्हणणं माझं काम नाहीये, आणि तसं म्हटलं असतं तर वहीत अजून एक खूण वाढली असती, एवढंच.

बायबलमधल्या गिदोनाचा, म्हणजे इस्राएलाला शत्रूंपासून सोडवायला देवाने निवडलेल्या माणसाचा विषय त्याने स्वतःच काढला. ताई, गिदोनाने पण खूण मागितलीच ना? मागितली, दोनदा मागितली, लोकर खळ्यात ठेवून, एकदा लोकर ओली आणि जमीन कोरडी, मग उलट. शास्ते 6, 36 ते 40. पण मी म्हटलं, आधीची वचनं वाचा. काय करायचं ते गिदोनाला आधीच सांगून झालेलं होतं, 14 व्या वचनात स्पष्ट, जा आणि इस्राएलाला सोडव. म्हणजे लोकर ठेवली ती मार्ग कळावा म्हणून नव्हती, कळलेलं करायची भीती वाटत होती म्हणून होती, आणि देवाने त्या भीतीचीही दया केली. तो वाचत राहिला आणि मग वही स्वतःकडे ओढून घेत म्हणाला, "म्हणजे मला माहीत आहे. मला भीती वाटतेय."

जुन्या काळातला मोठा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन, त्याचं उदाहरण पण लोक देतात मला. इ.स. 386 मध्ये मिलानला बागेत बसलेला असताना त्याने पौलाचं पत्र उघडलं आणि समोर जे रोम 13 मधलं वचन आलं त्याने त्याचं आयुष्य फिरलं. खरंच आहे. पण तोही कित्येक वर्षं झगडत होता, काय सोडायला हवं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, सुटत नव्हतं एवढंच. सुटं वचन उचलून निर्णय करणं किती धोक्याचं आहे ते येशूच्या परीक्षेत दिसतंच की, मंदिराच्या टोकावरून उडी मार म्हणताना सैतानाने स्तोत्र 91 मधलंच वचन पुढे केलं होतं. यिर्मया 29:11 चं पण तेच होतं, ते वचन सगळ्यांना पाठ, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, पण त्याच्या लगेच आधी 70 वर्षं लिहिलीयत आणि अध्यायाच्या सुरुवातीला बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना सांगितलंय, घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं भलं बघा. खूण मिळेपर्यंत हात बांधून बसा असं कुठेही नाही.

भीती कशाची, यावर आम्ही पुढची काही सेशन्स घालवली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम तिथेच झालं. त्याचे वडील कडक होते. मारायचे वगैरे नाही, पण चूक झाली की आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत, आणि नक्की काय चुकलं ते सांगायचेही नाहीत, मुलाने ओळखायचं. तो हे सांगत असताना मी काही जोडून दाखवलं नाही, फक्त विचारलं, देव तुमच्याशी बोलत नाही असं वाटतं तेव्हा घरातल्या त्या दिवसांसारखं वाटतं का? त्याचे डोळे भरून आले. त्या दिवशी आम्ही पुढे काही केलं नाही.

पुढच्या वेळी मत्तय 25 मधला तालांतांचा दृष्टांत वाचला. मालक परदेशी जाताना दासांकडे तालांत, म्हणजे मोठ्या रकमा, सोपवून जातो, एकाला 5, एकाला 2, एकाला 1. पहिल्या दोघांनी व्यापार करून दुप्पट केले आणि मालक दोघांनाही शब्दन् शब्द तेच म्हणतो, शाबास, भल्या आणि विश्वासू दासा. 5 वाल्याला जास्त कौतुक, 2 वाल्याला कमी, असं नाही. तिसऱ्याने जमिनीत पुरून ठेवला. का? तो स्वतःच सांगतो, तुम्ही कठोर आहात हे मला माहीत होतं म्हणून मी भ्यालो. आळशी त्याला मालक नंतर म्हणतो, पण त्याच्या स्वतःच्या तोंडी भीती आहे, आणि ती भीती मालकाबद्दलच्या समजुतीतून आलीय. हा दृष्टांत मेहनत करा एवढंच सांगण्यासाठी वापरतात तेव्हा मला चुकल्यासारखं वाटतं. देव कसा आहे असं तुम्ही मनात धरलंय त्यावर तुम्ही हातातल्या गोष्टीचं काय करता ते ठरतं, असं मला त्यात दिसतं. त्याने पेन घेतलं आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, मी पुरून ठेवलंय.

इथे कृपेचा विषय येतो आणि तो नुसता चर्चमधल्या संदेशात ऐकायचा विषय नाहीये, कोचिंगमध्ये तो अगदी रोजच्या वापरातला आहे. इफिसकरांस 2 मध्ये क्रम बघा, 8 आणि 9 मध्ये कृपेने तारण, कर्मांमुळे नाही, आणि मग 10 मध्ये आपण त्याची हस्तकृती, सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले. आधी स्वीकार, मग काम. बाहेर बहुतेक ठिकाणी उलटं असतं, आधी करून दाखव मग तुला किंमत. ध्येय गाठलं नाही तरी तुम्ही देवाचे लेकरूच राहणार आहात हे एकदा आत उतरलं ना की माणूस ध्येय जास्त मोकळेपणाने ठरवतो, चुकायची तयारी ठेवतो, मदत मागतो. आणि जो कोच तुम्हाला सांगतो की विश्वासाने मोठं ध्येय धरा, देव यश देणारच, पैसा येणारच, त्याच्यापासून लांब राहा. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा कसलातरी त्रास, काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर मिळालं माझी कृपा तुला पुरेशी आहे. ख्रिस्ती कोचिंग यशाची हमी देऊ शकत नाही आणि तशी हमी देणं खोटं आहे.

मध्येच एक प्रसंग झाला. रात्री उशिरा त्याचा मेसेज, "ताई, देवाने शांती दिली, उद्या राजीनामा देतोय." मी लगेच आनंद कळवला नाही. विचारलं, आज ऑफिसमध्ये काय झालं? तर साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं. मी म्हटलं राजीनामा पुढच्या आठवड्यात पण देता येतो, आज झोपा. 16 व्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाने या बाबतीत फार शहाणपणाचा नियम घालून दिलाय, मन खचलेलं, कोरडं, अस्वस्थ असताना आधी घेतलेले निर्णय बदलू नका. मी कॅथलिक नाही पण हा नियम कितीतरी जणांच्या उपयोगी पडताना बघितलाय. आणि "शांती वाटतेय" ही पण एकटी पुरेशी खूण नसते. सुटका झाली की शांत वाटतंच. उलट वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता आणि तरी लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. शांत वाटलं नाही म्हणजे देवाची इच्छा नाही असा हिशेब मांडला तर बागेतून निघून जावं लागलं असतं. त्याने राजीनामा दिला नाही. दोन दिवसांनी राग उतरल्यावर म्हणाला, मला त्या रात्री पळून जायचं होतं, त्या मुलांचा तर विचारही डोक्यात नव्हता.

मग आम्ही कामाला लागलो, आणि हा भाग सांगायला सोपा आहे. पारसच्या राजाच्या चाकरीतला नहेम्या यरुशलेमचा तट मोडल्याची बातमी ऐकल्यावर रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली, किस्लेव महिन्यापासून नीसानपर्यंत म्हणजे साधारण चार महिने, पण राजाने काय हवंय विचारलं तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होतं, किती दिवस लागतील, कोणाच्या नावे पत्रं हवीत, लाकूड कुठून मिळेल. तट 52 दिवसांत पूर्ण झाला. प्रार्थना आणि प्लॅनिंग यांचं भांडण नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं मला माहीत नाही. याकोबाच्या पत्रातलं वचन पण लोक प्लॅन करू नका म्हणून सांगतात, 4:13 ते 15, पण तिथे प्लॅन करायला मनाई नाहीये, प्रभूची इच्छा असेल तर असं म्हणून करा म्हटलंय. फुशारकी नको, योजना चालेल.

पहिलं पाऊल त्यानेच ठरवलं. कोर्सचा अर्ज नाही, राजीनामा नाही, आधी बायकोशी बसून बोलायचं, आणि देवाला काय हवंय यावर नाही, तर मला काय हवंय आणि मला कशाची भीती वाटते यावर. तो म्हणाला हे सगळ्यात अवघड आहे. ते बोलणं तीन तास चाललं असं नंतर कळलं, आणि बायको म्हणाली की मला हे वर्षभरापूर्वीच दिसत होतं. नीतिसूत्रे 15:22, मसलत नसली की बेत फसतात, मसलत देणारे बरेच असले की सिद्धीस जातात. तो देवाकडून येणारं उत्तर आकाशात शोधत होता आणि घरातल्या माणसाला विचारलंच नव्हतं. दुसरं, शनिवारी अशा मुलांच्या एका केंद्रात जाऊन मदत करायची, काही महिने, म्हणजे संडे स्कूलच्या एका मुलाशी जमलं ते सगळ्यांशी जमतं का, दमल्यावर पण जावंसं वाटतं का, ते कळेल. तिसरं, पैशाचा हिशेब, ते त्याला सांगावं लागलंच नाही. आणि चौथं मी सुचवलं, आठवड्यातला एक दिवस वही नाही, अर्ज नाही, निर्णयाची चर्चा नाही. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला असं येशू म्हणतो, मार्क 2:27, आणि ज्याला वाटतं आपण सतत जागं राहून लक्ष ठेवलं नाही तर देवाचा निरोप हुकेल, त्याला तर विसाव्याची जास्तच गरज असते.

प्रार्थनेबद्दल बरेच जण विचारतात म्हणून लिहिते. मी सेशनमध्ये प्रार्थना करते, पण आधी विचारून. कुणी नको म्हटलं तर नाही करत. आणि अवघड विषय निघाला की "चला प्रार्थना करू या" म्हणून तो बंद करायचा नाही, हे मी कटाक्षाने पाळते. अम्माऊसच्या वाटेवर, लूक 24 मध्ये, पुन्हा उठलेला येशू निराश होऊन निघालेल्या दोघा शिष्यांच्या बाजूने चालायला लागतो आणि आधी विचारतो तुम्ही कशाबद्दल बोलताय, मग त्यांची सगळी निराशा ऐकून घेतो, आम्ही आशा धरली होती इथपर्यंत, आणि मगच शास्त्र उलगडतो. ऐकणं आधी आहे. माझ्या मते कोच हा असा सोबत चालणारा असतो. पवित्र आत्म्याची जागा त्याने घ्यायची नाही, पाळकाचीही (चर्चच्या धर्मगुरूचीही) नाही.

अर्ज केला. पहिल्या ठिकाणी नाकारला गेला. संध्याकाळी फोन, आवाज पडलेला, "दार बंद झालं ताई, म्हणजे देव नाही म्हणाला ना?" मी प्रेषितांची कृत्ये 16 काढायला सांगितलं. पौल आणि त्याचे सोबती आशिया नावाच्या रोमन प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) वचन सांगायला निघाले तर पवित्र आत्म्याने अडवलं, बिथुनियात जायचा प्रयत्न केला तर तिथेही जाऊ दिलं नाही, मग ते त्रोवसला पोहोचले आणि तिथे रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. दोन दारं बंद झाली म्हणून पौल माघारी घरी गेला नाही, चालत राहिला, आणि चालताना तिसरं कळलं. दृष्टान्तानंतरसुद्धा लिहिलंय की आम्ही असं अनुमान काढलं, म्हणजे डोकं वापरलंच. तो म्हणाला, "मग दुसरीकडे करतो अर्ज." आणि मग म्हणाला की आज शनिवार आहे, सकाळी केंद्रात एका मुलीने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, नकार आला होता तरी मी ते बघायला तिथेच होतो.

दुसऱ्या ठिकाणी घेतलं. जॉब सोडलेला नाही, कोर्स संध्याकाळचा आहे, दमतो, अभ्यास मागे पडतो, कधी कधी अजूनही विचारतो की मी चूक तर नाही ना केली. त्याला पूर्ण खात्री मिळालेली नाही आणि मी ती मिळवून देऊ पण शकत नव्हते.

आता ज्यांना स्वतःसाठी असा कोच शोधायचाय त्यांना थोडं. आधी हे बघा की तुम्हाला कोचिंगच हवंय का. झोप-भूक गेलीय, आठवडेच्या आठवडे कशातच रस नाही, जगावंसं वाटत नाही, तर आधी डॉक्टर आणि मानसोपचार, थांबायचं नाही. खुणा शोधणं, पापाची भीती, परत परत प्रार्थना म्हणणं यात दिवसाचे तास जात असतील आणि थांबवायचं म्हटलं तरी थांबत नसेल, तर तो मंत्रचळाचा आजार (ओसीडी) असू शकतो, त्याला उपचार आहेत, आणि असा आजार होणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. घरात मारहाण, छळ होत असेल तर ध्येय ठरवण्याआधी सुरक्षित जागा आणि कायद्याची मदत, आणि "क्षमा कर आणि तिथेच राहा" असा सल्ला देणारा कोच असो की आणखी कुणी, त्याचं ऐकू नका. एलीया संदेष्ट्याचं बघा ना, 1 राजे 19, तो मरण मागत झाडाखाली पडलाय आणि देवदूत त्याला आधी झोपू देतो, खायला देतो, परत झोपू देतो. तू इथे काय करतोयस हा प्रश्न नंतर, डोंगरावर पोहोचल्यावर.

कोच निवडताना पहिल्याच भेटीत सरळ विचारा, तुमचं ट्रेनिंग कुठलं, मी बोलेन ते कुणाला सांगणार, माझ्या पाळकांना कळवणार का, मी वेगळ्या पंथाचा असलो तर चालेल का, फी किती आणि मध्येच थांबलं तर काय, आणि माझा त्रास तुमच्या आवाक्याबाहेरचा निघाला तर कुणाकडे पाठवाल. जो कोच "देवाने मला तुमच्याबद्दल सांगितलंय की तुम्ही अमुक करा" असं म्हणून तुमचा जॉब, लग्न, पैसे यांचे निर्णय स्वतः घ्यायला लागतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. आणि घरच्यांना किंवा तुम्हाला ओळखणाऱ्या एखाद्या समंजस माणसाला सांगून ठेवा की तुम्ही कुणाकडे जाताय.